आधी नाव, मग सुई

आमच्या सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात इंजेक्शन घ्यायचं असेल, तर आधी उखाणा घ्यावा लागतो. हा शासनाचा नियम नाही. शासनाचे नियम आमच्याकडे भिंतीवर लावलेले असतात आणि भिंतीला ओल आली की तेही नसतात. हा नियम कौसल्या सिस्टरांचा आहे, म्हणून तो पाळला जातो.

मी त्याच दवाखान्यात औषधनिर्माता आहे. म्हणजे मला एक खिडकी आहे, खिडकीला जाळी आहे, आणि जाळीच्या आत जी औषधं असायला हवीत त्यांच्याऐवजी दुसरीच आहेत. बीड जिल्ह्यातला हा तालुका कोणता, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर साहेबांना वाटेल मी तक्रार करतोय, आणि लोकांना वाटेल मी जाहिरात करतोय.

तर सिस्टरांचं म्हणणं अगदी साधं होतं. शिरेतून औषध द्यायच्या आधी ते कोणाला देतोय हे त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं. आपण नाव उच्चारायचं नाही. कारण तापानं फणफणलेल्या बाईला तुम्ही कमल का, असं विचारलं तर ती हो म्हणते. तुम्ही तहसीलदार का, असं विचारलं तरी हो म्हणते. मी एकदा म्हणालो, सिस्टर, गोळ्या देताना तर तुम्ही इतकं विचारत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "गोळी चुकली तर वकता येती, भाऊ. शिरंत गेलेलं माघारी येत न्हाई."

आता अडचण अशी की, आमच्या भागात अख्खं गाव एका आडनावाचं असतं. बायकांची नावं कमल, नाहीतर मंगल, नाहीतर शांता. काळ्यांच्या गावातून आलेल्या दोन कमल काळे वेगळ्या ओळखायच्या तर मधलं नाव लागतं. मधलं नाव नवऱ्याचं, आणि नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. जिनं उभ्या संसारात 'अवो, ऐकलं का' याच्या पुढे मजल मारली नाही, ती सिरिंज बघून त्याचं नाव सांगेल कशी? ती पदर तोंडात धरते, भिंतीकडे बघते आणि म्हणते, "त्येंचंच नाव हाय की." कोणाचं, असं विचारलं की म्हणते, "पोराच्या बापाचं."

यावर सरकारी उपाय असा होता की, मनगटाला नावाचा पट्टा बांधायचा. पट्टे आलेही. फक्त ते तान्ह्या बाळांच्या मापाचे आले. काही दिवस आम्ही ते बायकांच्या करंगळीला बांधून बघितले.

सिस्टरांनी मग आपला उपाय काढला. नुसतं नाव घ्यायला लाज वाटते ना, तर उखाण्यात घ्या. उखाण्यात घ्यायला कोणाची ना नसते, उलट सगळ्या गोळा होतात. तेव्हापासून वॉर्डात औषधाचा ट्रे आला की सिस्टरांचा आवाज यायचा, "आधी नाव, मग सुई." आणि ज्या बाईला सकाळपासून पाण्याचा घोट गेला नव्हता, ती उशीला टेकून बसायची आणि यमक शोधायची.

फळवाल्या सलीमची बायको शबाना भरती झाली, तेव्हा वाटलं की आता सिस्टरांची पंचाईत होणार. तीही 'मुन्ने के अब्बा'च्या पुढे जाईना. पण सगळ्या वॉर्डाचं ऐकून ऐकून तिलाही चेव आला. म्हणाली, "बस अड्डे पे ठेला, ठेले पे केले, सलीममियाँ का नाम ली, अब सुई लगा ले." दोन पलंग टाळ्या वाजवत होते. ज्यांच्या हाताला सलाइन होतं, त्यांनी मांडीवर थाप मारली.

एकदा एक थकलेली आजी आली होती. तिची पाळी आली तेव्हा शेजारणी कुजबुजल्या की हिला नको विचारू, हिचा मालक जाऊन लई साल झाले. सिस्टर ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सुई जित्या बाईला द्यायचीय. तिचं नाव अर्धं कसं चालंल?" आजीनं बराच वेळ छताकडे बघितलं आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली, "सलाइनच्या बाटलीतून टिपकतंय पाणी, नामदेवरावांचं नाव घेते, मी त्यांची राणी." त्या दिवसापासून आजी औषधाची वेळ झाली की केस विंचरून बसायची. सुट्टी देऊन घरी पाठवायला निघालो, तर अजून एखादी सुई राहिली नाही ना, असं डॉक्टरांना विचारत होती.

काही औषधं शिरेत सावकाश द्यायची असतात. भसकन दिली की माणसाच्या छातीत धडधडतं, कधी त्याच्याहून वाईट होतं. आमच्याकडे सावकाश म्हणजे काय, याबद्दल मतभेद आहेत. डॉक्टर सावकाश म्हणतात, म्हणजे त्यांचा चहा येईपर्यंत. नव्या पोरी सावकाश म्हणतात, म्हणजे फोन वाजेपर्यंत. सिस्टरांनी घड्याळाच्या जागी येसराची, म्हणजे धान्य-मसाले भाजून दळलेल्या पिठाची, आमटी आणली. सुई लावली की पेशंटनं आमटी सांगायची. तेल तापवा, लसूण घाला, येसर पाण्यात कालवा, गाठी मोडा, फोडणीत सोडा. आमटीला उकळी आली की सिरिंज रिकामी. एखादी सुगरण घाईघाईत सांगू लागली तर सिस्टर तिला टोकायच्या, "गाठी राहिल्या की गं. मोड आधी." आमचे डॉक्टर नागपूरकडचे. त्यांनी येसर कधी खाल्लेला नाही, पण आता ते झोपेतसुद्धा करू शकतील.

माझा छळ निराळाच. वरून येणारं औषध दर खेपेला निराळ्या कंपनीचं येतं आणि सगळ्या कंपन्यांना एकाच रंगाचं लेबल आवडतं. मी खोका पाठवला की सिस्टर दोन काचेच्या बाटुकल्या घेऊन खिडकीशी हजर. "भाऊ, ह्या जुळ्या बहिणी हायेत. एका कपाटात नांदणार न्हाईत." त्यातली एक पोटॅशियमची. ती बाटलीभर सलाइनमध्ये मिसळून, थेंब थेंब द्यायची असते. तशीच सरळ शिरेत गेली तर माणूसही सरळ जातो. म्हणून सिस्टरांनी पोटॅशियम स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवलं, डब्याला छोटं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. तपासणीला आलेल्या साहेबांनी डबा बघून विचारलं की यात भाजी काय आहे. सिस्टर म्हणाल्या, "तुमी खायची न्हाई."

नातेवाइकांना तर त्या शत्रूच मानायच्या. आमच्या लोकांची समजूत अशी की, सलाइन म्हणजे ताकद आणि ताकद जितकी लवकर आत जाईल तितकी बरी. त्यात शेवटची गाडी. नेकनूरच्या एका पाहुण्यानं गाडी चुकू नये म्हणून सासूच्या सलाइनचं चाक पूर्ण मोकळं सोडलं. बाटली घळाघळा वाहू लागली आणि सासूला धाप लागली. सिस्टरांनी चाक बंद केलं, डॉक्टरांना हाक मारली, सासूला उठवून बसवलं आणि जावयाला तिच्यासमोर स्टुलावर बसवून ठेवलं. गाडी गेली. जावई सकाळपर्यंत स्टुलावरच होता, आणि सासूनं त्याला जे सुनावलं ते कुठल्याही इंजेक्शनात नसतं.

सगळ्यात गाजलेला प्रसंग पुरुषांच्या वॉर्डातला. त्या दिवशी तिथली ड्युटी सिस्टरांकडे होती. आमचे एक माजी सभापती कुठल्याशा जावळाच्या मटणानं आडवे झाले होते. त्यांच्यासोबत तीस-चाळीस कार्यकर्ते. पेशंटपेक्षा त्यांचीच प्रकृती जास्त नाजूक. सिस्टर ट्रे घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, पूर्ण नाव सांगा. एक कार्यकर्ता पुढे झाला. "बाई, गावभर बॅनर लागल्यात सायबाचे. नाव कावून इचारता?"

"बॅनरला सुई द्यायची असती तर बाहीर जाऊनच दिली असती," सिस्टर म्हणाल्या.

सभापतींनी डोळे मिटूनच नाव सांगितलं. मागून कुणीतरी सवयीनं 'आगे बढो' म्हणालं. सिस्टरांनी केसपेपरशी नाव ताडून बघितलं आणि मग त्यांनाही आमटी सांगायला लावली. सभापतींना आमटी येत नव्हती. त्यांनी त्याऐवजी माजलगावच्या धरणाचं पाणी कसं आणलं ते सांगितलं. ते आणखी हळू निघालं.

इतकं सगळं असून दवाखान्यात सिस्टरांविषयी चांगलं बोलणारं माणूस मिळालं नसतं. एकेका सुईला इतका वेळ लागतो म्हणून पोरी वैतागलेल्या, डॉक्टर वैतागलेले, मी तर कायमचाच. सिस्टर दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे कुणी येत नसे, त्याही कुठे जात नसत. संक्रांतीला हळदीकुंकवासाठी बाकी सगळ्या सुट्टी मागायच्या आणि सिस्टर न सांगता सगळ्यांची ड्युटी आपल्या अंगावर घ्यायच्या. आम्ही म्हणायचो, यांना सणावाराचं वावडं आहे. नवऱ्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं. दवाखान्यातला विनोद असा होता की, तो रोज संध्याकाळी घरी यायचा तेव्हा बाई दारातच पूर्ण नाव विचारायच्या, शेवटी कंटाळून निघून गेला. हा विनोद सगळ्यांना इतका आवडला की खरं काय ते विचारायची गरजच पडली नाही.

अश्विनी आली ती कंत्राटावर. अंबाजोगाईला शिकलेली, हात अतिशय चलाख. शीर एका फटक्यात सापडायची. सिस्टरांना तिचा अभिमान वाटायचा आणि भीतीही. कारण अश्विनीला वाटायचं की चेहरा ओळखीचा झाला की नाव विचारणं म्हणजे वेळ घालवणं.

एका दुपारी मी वॉर्डात सही घ्यायला गेलो होतो. तेव्हा खरोखरच दोन कमल काळे एकाच गावच्या, शेजारशेजारच्या पलंगांवर होत्या. पंख्याखालच्या पलंगाजवळ अश्विनी सिरिंज घेऊन उभी होती. सुई आत घालणार, एवढ्यात मागून सिस्टर म्हणाल्या, "थांब. आधी नाव."

अश्विनी म्हणाली की कमल काळे आहेत, सकाळी याच पलंगावर मीच दिलंय यांना. सिस्टरांनी तिच्याकडे न बघता बाईला सांगितलं की, नाव घ्या. बाई लाजली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत हसली आणि म्हणाली, "सिंदफणेच्या पाण्यावर ऊस आला दाट, बाबुरावांचं नाव घेते, बघते सुट्टीची वाट."

सिस्टरांनी पलंगाला अडकवलेला केसपेपर उचलून वाचला. "मंग ह्यो भास्कर कोन?"

शेजारच्या पलंगावर डोक्यावरून पांघरूण घेतलेल्या दुसऱ्या कमलनं आतूनच हात वर केला. "ते आमचे."

झालं होतं असं की, एकीला पंख्याचा गारठा सोसत नव्हता आणि दुसरीला उकडत होतं. दोघींनी जेवण झाल्यावर समजुतीनं पलंग बदलले होते. पिशव्या नेल्या, तांबे नेले, बिस्किटांचे पुडेसुद्धा नेले. केसपेपर कोणी नेले नाहीत, कारण ते दवाखान्याचे. आणि बाबुरावांच्या कमलच्या केसपेपरवर तांबड्या शाईत लिहिलेलं होतं की, मागे याच औषधानं हिचा श्वास कोंडला होता.

कोणी ओरडलं नाही. सिस्टरांनी अश्विनीच्या हातातली सिरिंज काढून घेतली, दोघींना आपापल्या जागी पाठवलं आणि पंखा बंद केला. जरा वेळानं अश्विनी माझ्या खिडकीशी कापूस मागायला आली. तिला कापूस नको होता, जाळीआड रडायला जागा हवी होती. मी दोन्ही दिलं. त्या दिवशी कापूस शिल्लक होता.

पुढे काही दिवस अश्विनीनं झाडूवाल्या मावशींनासुद्धा पूर्ण नाव विचारलं. मग भीती ओसरली. परक्यांना विचारायची, ओळखीच्यांना नुसती मान हलवायची. एकदा मला म्हणाली की सिस्टर रिटायर झाल्या की हे उखाण्याचं बंद करू, कुणी व्हिडिओ काढून टाकला म्हणजे?

सिस्टरांची निवृत्ती जवळ आली होती. त्या खिडकीशी आल्या, कधी नव्हे ते हातात जुळ्या बाटल्या नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊ, म्या गेल्यावर ह्या पोरी इचारतील का वो?"

मी म्हणालो, शासन नवं पद भरेल की, उखाणा सहायक, वर्ग तीन. त्या हसल्या नाहीत. जाळीला बोटं अडकवून म्हणाल्या, "अनोळख्याला समदे इचारतेत. वळखीच्या मानसालाच चुकीची सुई बसती." मग मागे फिरून वॉर्डात गेल्या. त्या माघारी जाताना मला पहिल्यांदाच म्हाताऱ्या वाटल्या.

आणि निवृत्तीच्या तोंडावर सिस्टरांनाच न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी वेगळी खोली देऊ केली, ती त्यांनी नाकारली. आपल्याच वॉर्डात, भिंतीकडेच्या पलंगावर आडव्या झाल्या. मी औषध स्वतः घेऊन गेलो, कारण त्यांच्यासाठी म्हणून मी लेबल तपासून ठेवलं होतं. हे मी एरवी करत नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

दुपारची वेळ. अश्विनी ट्रे घेऊन आली. सगळा वॉर्ड उठून बसला होता. सिस्टर धापा टाकत होत्या, पण नजर अश्विनीच्या हातावर होती. मला कळलं की त्या औषधाची वाट बघत नाहीयेत. अख्ख्या दवाखान्यात त्यांच्याइतकं ओळखीचं माणूस दुसरं नव्हतं.

अश्विनीनं सिरिंज उचलली. मी मनात म्हणालो, झालं, देणार ही. मग तिनं सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली.

"आधी नाव," ती म्हणाली.

"कौसल्या," सिस्टर म्हणाल्या.

"पूर्ण."

बायकांना आनंद झाला. घ्या सिस्टर, आता तुमची पाळी, आम्हाला लई छळलं, असा गलका सुरू झाला. सिस्टर पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, अगदी त्या बाबुरावांच्या कमलसारख्या. पलीकडच्या पलंगावर नेकनूरची एक बाई होती, ती हळूच म्हणाली की, त्यांना मालक न्हाईत, पोरी, राहू दे. गलका थांबला. मीही अश्विनीला खूण केली की, राहू दे. मलाच ते बघवेना.

सिस्टर छताकडे बघत बोलल्या. "लग्नानंतरची पयली संक्रांत व्हती. समद्या म्हनल्या नाव घे, नाव घे. म्या लाजले. म्हनलं, पुढल्या साली घेते." जरा श्वास घेतला. "पुढल्या साली त्येच नव्हते. मंग कोनी इचारलंच न्हाई."

मला आमचा तो दारातल्या नवऱ्याचा विनोद आठवला आणि स्वतःची शिसारी आली. ही बाई सबंध नोकरीभर दुसऱ्यांना नाव घ्यायला लावत होती, विधवांनासुद्धा सोडत नव्हती. आणि आम्हाला वाटलं, ती फक्त केसपेपर तपासतेय.

अश्विनीचे डोळे भरले होते. पण ती हलली नाही. ट्रे तसाच धरून, आवाज न चढवता, तिनं पुन्हा म्हटलं, "सिस्टर, आधी नाव. मग सुई."

सिस्टरांनी तिच्याकडे बघितलं. खोकल्या, पदर डोक्यावर घेतला आणि नव्या नवरीसारखं खाली बघत म्हणाल्या,

"साऱ्या वार्डाच्या नावांनी भरली माझी ओटी,
रघुनाथरावांचं नाव आज आलं ओठी."

अश्विनीनं केसपेपर उचलला, बोट ठेवून वाचला आणि म्हणाली, बरोबर आहे. नेकनूरच्या बाईनं डोळ्याला पदर लावला. सिस्टरांनी हात पुढे केला. "आता दे," त्या म्हणाल्या, "आन् सावकाश."

"मग आमटी सांगा," अश्विनी म्हणाली.

सिस्टर सांगू लागल्या. रघुनाथरावांच्या घरची आमटी, सासूनं शिकवलेली. कढई कुठली, चूल कुठली, लसूण ठेचून घालायचा की चिरून, त्यांना तिखट किती लागायचं. धाप लागली की थांबायच्या आणि मग पुन्हा तिथूनच उचलायच्या. सिरिंज रिकामी झाली तेव्हा कुठे येसर पाण्यात कालवत होत्या. अश्विनीनं सिरिंज बाजूला ठेवली, कापूस दाबला. त्यांना सांगितलं नाही. आमटीला उकळी येईपर्यंत ती त्यांचा हात हातात धरून तिथेच बसून राहिली.